उशिऱ्या महादेव

तीर्थाला डावा हात पुढे करा, पाव्हणं. उजवा नाही, डावा. तुम्ही बिचकलात, त्यात नवल काही नाही. परगावचा प्रत्येक माणूस इथे बिचकतो. डाव्या हातावर तीर्थ घेऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेलं असतं. पण कडसगावच्या या देवळात डाव्याच हातावर तीर्थ घालतात, आणि समईत तेलाऐवजी तूप असतं. तेलाचा थेंबसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. कागदोपत्री या देवाचं नाव खडकेश्वर. पण खडकेश्वराचं देऊळ कुठे म्हणून विचारलंत, तर गावातली म्हातारी माणसं विचारात पडतील. उशिऱ्या महादेव म्हणालात की शेंबडं पोरही वाट दाखवेल.

देवाला असं नाव का पडलं, ते सांगतो. बसा इथे पायरीवर. आम्ही इथले गुरव. या गोष्टीत आमच्या घराण्याचाही हात आहे आणि तो काही चांगल्या कामाला लागलेला नव्हता. तरी आमच्याकडे बापाने मुलाला ही गोष्ट सांगायचीच, आणि त्यातलं काही गाळायचं नाही, असा नेम आहे.

फार जुना काळ. राज्य कोणाचं होतं हे कोणी सांगत नाही. पाटलाचा शब्द गावात चालत होता, एवढंच सांगतात. तेव्हा इथे जिऊ नावाची सुईण होती. नवरा लवकर गेलेला. पदरी हौसा नावाची सहा वर्षांची मुलगी. जिऊचा हात फार हलका होता म्हणे. आडवं आलेलं मूल ती नुसत्या बोटांनी चाचपून वळवायची. पाच-सात कोसांवरून तिला बोलावणं यायचं. निघताना ती या देवळासमोर थांबायची, दोन्ही हात पिंडीला दाखवायची आणि म्हणायची, "हात तुझं, काम तुझं." दुसरी पूजाअर्चा तिला येत नव्हती.

गावचा पाटील सुभानजी. त्याच्या दोन बायका मूल न होताच वारल्या होत्या. तिसरी आवडाबाई, एकोणीस वर्षांची. तिला दिवस गेले आणि साऱ्या गावाने नवस बोलले. दोन दिवस ती अडली होती. जिऊने तिला सोडवलं आणि मुलगा झाला. पाटलाने गावभर साखर वाटली.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. घरात बायकांची ये-जा होती, गाणी चालली होती. संध्याकाळी जिऊ आली, बाळाला तेल लावलं, घुटी उगाळून चाटवली आणि घरी गेली. पहाटे सासू शेक घेऊन बाळंतिणीच्या खोलीत शिरली, तेव्हा बाळ गार पडलेलं होतं.

खरं काय झालं, ते एकट्या आवडाबाईला ठाऊक होतं. पाच दिवसांच्या जागरणाने आणि अशक्तपणाने तिला मेल्यासारखी झोप लागली होती. मूल कुशीत घेऊन ती झोपली आणि झोपेतच कूस वळली. जागी झाली तेव्हा बाळ तिच्याच अंगाखाली होतं. तिने ते ओढून काढलं, हलवलं, छातीशी लावलं. तेवढ्यात सासूची पावलं वाजली.

सासूने विचारलं, "काय झालं गं?"

समोर सासू, बाहेर नवरा, मागे दोन मेलेल्या सवतींची नावं. आवडाबाईच्या तोंडून एक वाक्य गेलं. "काल सुईणीनं घुटी पाजली, तवापासून त्यानं दूधच वढलं न्हाई."

एवढंच. विष घातलं असं ती म्हणाली नाही. ते गावाने म्हटलं. दुपारपर्यंत जिऊला चावडीवर आणलं होतं. पंच बसले. कोणी म्हणालं, पाटलाच्या भाऊबंदांनी तिला फितवलं असेल. कोणी म्हणालं, बाईच्या नजरेतच खोट होती. ज्यांची मुलं तिच्या हातात पहिल्यांदा रडली होती, अशी माणसं त्या पंचांत होती.

जिऊ म्हणाली, "घुटी म्या दिली. तीच घुटी म्या माझ्या हौसाला दिली हुती, तुमच्या पोरांनाबी दिली. दुसरं काय म्या केलं न्हाई."

साक्षीदार कोणी नव्हतं. पंचांनी तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. गुपचूप मुलीला घेऊन गाव सोडायचं, नाहीतर देवाच्या दारात दिव्य करायचं. त्या काळी रवा काढायची रीत होती. कढईत तेल उकळायचं, त्यात धातूचा तुकडा टाकायचा आणि आरोप असलेल्या माणसाने तो हाताने बाहेर काढायचा. मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची. तिसऱ्या दिवशी पिशवी सोडली आणि हात साफ निघाला, तर माणूस खरा. भाजलेला निघाला, तर खोटा. देवाने निवाडा केला असं समजायचं.

शेजारणी तिला म्हणाल्या, गाव सोड बाई, जीव तरी वाचेल. जिऊ म्हणाली, "पळाले तर म्याच मारलं असं हुईल. माझा देव दारात बसलाय की. त्यो बघंल."

सोमवारी सकाळी इथेच, या फरसबंदीवर चूल मांडली. लाकडं लावली ती आमच्या पूर्वजाने, म्हादा गुरवाने. गुरवाचं ते कामच होतं. जिऊला अंघोळ घातली, ओलेत्याने उभी केली. आरोप लिहिलेला कागद तिच्या कपाळाला बांधला. तिने पिंडीकडे तोंड करून दोन्ही हात दाखवले आणि नेहमीचंच म्हणाली. मग उजवा हात कोपरापर्यंत तेलात घातला, रवा काढला आणि पंचांच्या पुढ्यात टाकला. ती ओरडली नाही असं सांगणारे आहेत. माझे आजोबा म्हणायचे, ओरडली. ओरडणार नाही तर काय करेल.

आवडाबाई बाजेवर होती. तीन दिवस तिने अन्न घेतलं नाही. गावाला वाटलं, पुत्रशोक. ती मात्र मनात एकच म्हणत होती : देवा, तिचा हात साफ निघू दे. हात साफ निघाला की सुईण सुटेल, आपल्याला काही बोलावं लागणार नाही, आणि मूल देवानेच नेलं असं सगळे म्हणतील. देव सगळं निस्तरेल, अशी तिची आशा होती.

तिसऱ्या दिवशी पिशवी सोडली. पहिल्या रांगेतल्या माणसांनी तोंडं फिरवली. हाताची सालपटं कापडाबरोबर निघून आली होती.

पाटलाने विचारलं, "आता काय म्हणतीस?"

जिऊला उभंही राहवत नव्हतं. ती म्हणाली, "तीन दिस तुमी ठरवलंसा, पाटील. देवानं कुठं ठरवलं? त्यो बोलंल तवा बोलंल."

पंचांना हा उद्धटपणा वाटला. तिला शिवेबाहेर घातलं. तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिला आग-पाणी द्यायचं नाही, असं ठरलं. हौसाने आईचा डावा हात धरला आणि दोघी नदी उतरून पलीकडे गेल्या. तो समोरचा डोंगर दिसतो ना, अर्ध्यावर काळी कपार आहे? तिथे त्या राहिल्या.

हात महिनोन् महिने वाहत होता. पुढे बोटं आखडून एकमेकांना चिकटली आणि हात वाळक्या काटकीसारखा झाला. कंदमुळं, करवंदं, धनगरांनी दया येऊन ठेवलेलं ताक, यावर त्या जगल्या. कपारीतून या देवळाचं शिखर दिसतं. रोज सकाळी जिऊ शिखराकडे तोंड करून उभी राहायची.

हौसाला ते बघवत नसे. एकदा ती म्हणाली, "आये, त्याला डोळं न्हाईत. असतं तर त्यानं बघितलं नसतं व्हय?"

जिऊ म्हणाली, "बघितलंय त्यानं."

"मग गप का?"

"ते मला ठावं न्हाई, बाळा."

तिसऱ्या पावसाळ्यात हौसाला ताप भरला. जिऊने तिला पाठीवर घेतलं आणि नदीकाठी आली. पाणी चढलेलं होतं, पण हाक ऐकू जाईल इतकंच पात्र होतं. अलीकडे पाणवठ्यावर माणसं होती. जिऊने हाका मारल्या. वैद्याला बोलवा, माझं काही का होईना, पोरीला तरी न्या. माणसांनी ऐकलं. काहींनी घागरी खाली ठेवल्या, असंही सांगतात. पण पंचांच्या शब्दाबाहेर कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हौसा गेली. नऊ वर्षांची होती. जिऊने एका हाताने खड्डा खणला. त्याला दोन दिवस लागले. वर एक दगड ठेवला.

त्यानंतर वर्षभर ती शिखराकडे पाठ करून बसायची. एका धनगराने हे पाहिलं होतं. त्याने एकदा ताकाचं मडकं ठेवताना विचारलं, "म्हातारे, देवाचा राग आला व्हय?" ती काही म्हातारी नव्हती, पण दिसत होती तशी.

ती म्हणाली, "राग आलाय."

"मग सोड की त्याचा नाद."

तिने ताकाचं मडकं जवळ ओढलं. मग म्हणाली, "त्यो न्हाईच म्हटलं, तर माझ्या पोरीचं मरण कुणाला विचारू? त्याला सोडला तर विचारायलाबी कोण उरत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा शिखराकडे तोंड करून उभी राहू लागली, असं त्या धनगराने सांगितलं. पण आता डावा हात ती जोडल्यासारखा धरत नसे. मागणाऱ्यासारखा पुढे करायची.

इकडे आवडाबाईचं काय झालं, तेही ऐका. तिला पुढे मूल झालं नाही. नवऱ्याने चौथं लग्न केलं नाही, उलट तिला फार जपलं. सुईणीने हिचं वाटोळं केलं असं तो म्हणायचा. ते तिला जास्त जड जायचं. देवळात यायची, पण गाभाऱ्यात जात नसे. देवाने आपल्या खोट्यावर शिक्का मारला, ही गोष्ट तिला कळेना. खऱ्या बाईचा हात जळला. मग हा देव कोणाचा? सांगायला तोंड उघडावं, तर कोण विश्वास ठेवणार? देवाचा निवाडा झाला होता. अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी गावात पुन्हा दिव्य ठरलं. कोंडाई नावाची मुलगी, सतरा-अठराची. नवरा फौजेत गेलेला, आणि तो लढाईत पडल्याची बातमी आलेली. त्यात मुलीला दिवस गेलेले. ती म्हणे, "मोहिमेवर जाताना वाट वाकडी करून धनी माझ्या माहेरी आलं हुतं, एक दिस राहिलं. आईबी तवा घरात हुती." पण आई त्याच महिन्यात पटकीने मेली होती. दुसरं कोणी पाहिलं नव्हतं. सासऱ्याने पंचांपुढे दिव्य मागितलं.

पुन्हा सोमवार. पुन्हा इथेच चूल. म्हादा गुरव आता म्हातारा झाला होता. लाकडं त्यानेच लावली. पाटलाच्या शेजारी आवडाबाई बसली होती. कोंडाईच्या कपाळाला कागद बांधला. तिला विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "माझं मन साफ हाय. देव दारात बसलाय. त्यो बघंल."

आवडाबाई उठली. पाटलाला वाटलं, तिला घेरी येते आहे. त्याने हात धरला, तो तिने सोडवला आणि कढईपाशी जाऊन उभी राहिली.

ती म्हणाली, "हिचा हात भाजंल. ही खरी असली तरीबी भाजंल. जिऊचा भाजला. जिऊ खरी हुती."

मग तिने सांगितलं. झोप लागली, कूस वळले, बाळ माझ्या अंगाखाली गेलं. घुटीत काही नव्हतं. आवाज न चढवता तिने सगळं सांगितलं.

एक पंच म्हणाला, "बाईसाहेब, दुःखानं तुमचं डोकं फिरलंय. रवा देवाच्या साक्षीनं निघाला हुता. देव काय खोटं बोलला?"

"देव बोललाच न्हाई," आवडाबाई म्हणाली. "तेल बोललं. तेलाला काय कळतंय? आत्ता मी खरं बोलतीया ते तुमाला माझ्या तोंडाकडं बघून कळतंय. आता तेलाला विचारा."

आणि कोणी पुढे व्हायच्या आत तिने उजवा हात कढईत घातला.

तिला मागे ओढलं तेव्हा हाताची जी गत झाली होती, ती सर्वांनी पाहिली. तिसरा दिवस उजाडायची गरज नव्हती. रव्याच्या नियमाने ती खोटी ठरत होती. पण तिच्या तोंडाकडे बघून तू खोटं बोललीस असं म्हणायची एकाही पंचाची छाती झाली नाही. तेवढ्यात म्हादा गुरव उठला. चुलीतली लाकडं त्याने हातानेच बाहेर ओढली, कढईला पाय लावला आणि सगळं तेल उताराने नदीकडे सोडून दिलं. मग तिथेच बसून ढसाढसा रडला म्हणे.

पाटील अनवाणी नदी उतरून कपारीपाशी गेला. मागे गाव होतं. जिऊ दाराशी बसली होती. त्याने पागोटं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "जिऊबाई, चूक झाली. गावाची चूक झाली. घरी चला."

जिऊने पागोट्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "त्या दगडाखाली माझी हौसा हाय. तिलाबी सांगा."

पाटील दगडापाशी गेला आणि गुडघ्यावर बसला. "चूक झाली" एवढे दोन शब्द बोलायला त्याला फार वेळ लागला.

जिऊ गावात आली, ती थेट देवळाकडे. या पायरीवर आवडाबाई बसली होती, हाताला फडकं गुंडाळून. लोक बाजूला झाले. आता जिऊ हिला काय म्हणते, हे ऐकायला सगळे थांबले होते. जिऊ तिच्या शेजारी बसली. फडकं थोडं उचलून तिने हात पाहिला.

"लई आग हुतीया?"

आवडाबाईने मान हलवली.

"कोरफडीचा गर लाव. फडकं सैल बांध. तिसऱ्या दिसानंतर जास्त ठणकंल, घाबरू नको. बोटं रोज एकेक करून सोडव, न्हाईतर माझ्यासारखी चिकटतील."

याउपर त्या दोघींत काय बोलणं झालं, ते कोणाला माहीत नाही. क्षमा केली की नाही, हे जिऊने कधी बोलून दाखवलं नाही, आणि आवडाबाईनेही कधी विचारलं नाही, असं सांगतात.

म्हादा गुरव तीर्थ घेऊन आला. जिऊने डावा हात पुढे केला. उजव्याची ओंजळ होतच नव्हती. म्हादाचा हात क्षणभर अडला, कारण शास्त्र तसं नाही. मग त्याने तीर्थ घातलं. त्यानंतर आवडाबाईने डावा हात केला. तिच्यामागे कोंडाई होती. तिचे दोन्ही हात धड होते. तिनेही डावाच पुढे केला. मग पाटलाने. मग गावाने. तेव्हापासून ही रीत आहे.

कोंडाईचा निवाडा एक वर्ष पुढे टाकायचा, असं पंचांनी त्याच दिवशी ठरवलं. जिऊ तिला आपल्याजवळ घेऊन राहिली, तिचं बाळंतपण डाव्या हाताने केलं. निवाडा पुढे टाकल्याला आठवा महिना लागला, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या तुकडीतला एक शिपाई त्याची तलवार घेऊन गावात आला. गावाने काही विचारायच्या आधीच तो सासऱ्याला म्हणाला, "सासुरवाडीला वाट वाकडी करून गेला म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. तिथंच शेवटचं पोटभर जेवला बिचारा." सासरा तलवार मांडीवर घेऊन बसून राहिला. मग उठून नातू बघायला गेला. पुढे कोंडाईच गावची सुईण झाली. जिऊ शेजारी बसून सांगायची आणि कोंडाईचे हात करायचे.

जिऊच्या उतारवयात कोणीतरी तिला विचारलं, "तुझा देव लई उशिरा आला, न्हाई का?"

ती म्हणाली, "उशिराच आला. उशिऱ्याच हाय त्यो. पण आला तवा माझ्या एकलीसाठी न्हाई आला. त्या दिसापासनं या दारात कुणाचा हात जळला न्हाई." तिथून देवाला हे नाव पडलं. पुष्कळ प्रेमाने आणि थोड्या रागाने ठेवलेलं नाव आहे.

आजही कडसगावात मोठा तंटा झाला, तर वर्ष सरल्याशिवाय निवाडा देत नाहीत. देवळात शपथ घ्यायला कोणाला सांगत नाहीत. आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सारं गाव नदी उतरून पलीकडे जातं. पाटलांच्या घरातला जो कर्ता असेल, तो दगडापाशी गुडघे टेकून म्हणतो, "हौसाबाई, चूक झाली." मग आम्ही तिथे थोडा वेळ नुसते उभे राहतो.

शाळेतली मुलं मला विचारतात, आजोबा, जिऊला न्याय मिळाला, कोंडाईला मिळाला, हौसाला काय मिळालं? चाळीस वर्षं मी या पिंडीवर पाणी घालतो आहे. मला उत्तर येत नाही. मी त्यांना एवढंच सांगतो की तो हिशेब देवाकडे आहे आणि त्यावर देव अजून बोललेला नाही. म्हणून तर आम्ही दर वर्षी जाऊन उभे राहतो.

घ्या, तीर्थ घ्या.